एक वाजताची ओळ

सहासष्टाव्या वर्षी माणसाला थोडी तरी अक्कल आलेली असावी. मला आली नव्हती. तेव्हा मी तरुण होते. एका दुपारी संतापानं लाल होऊन मी इंटरनेटवर एका अनोळखी माणसाला लिहिलं, "आम्हाला जेवू घालणारे हे शहाणे कोण? मला जेव म्हणायला माझ्या घरी माणसं आहेत. ही ओळ आजच्या आज काढा. झोपलात का सगळे?" इथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण पत्राखाली सही हवी म्हणून, मैत्रिणींना रोज सकाळी पाठवते ते चित्रही खाली चिकटवलं. गुलाबाचं फूल, त्यावर दवाचे थेंब आणि 'आपला दिवस आनंदात जावो'.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून शेजारच्या पगारेंचं डोकं वर आलं. श्रीरामपूरचं घर सोडून कोपरगावात राहायला येऊन आम्हाला चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत हा गृहस्थ माझ्याशी चार वाक्यंही बोलला नव्हता.

"वहिनी, 'जेवू घालणारे हे शहाणे कोण' असं कोपरगावच्या वाचनालयाच्या नावानं तुम्हीच लिहिलं ना?"

झारी माझ्या पायावर रिकामी झाली.

"तो शहाणा मी. झोपलो नव्हतो. माझ्यासारखे अजून तीनशे जण जागे होते. त्या सगळ्यांना तुमचा गुलाब पोचला."

"मग काढा की ती ओळ!" चूक उघडी पडली की मी आवाज चढवते. ही माझी जुनी खोड.

"नाही काढणार. आणि दुसरं, बंद झालेल्या तक्रारीखाली लिहायचं नाही. नवीन नोंद करायची. पायऱ्या सांगायच्या. आधी काय केलं, मग काय झालं, ओळीनं." डोकं खाली गेलं.

मधुकर पगारेंची आणि माझी ओळख झाली ती अशी. त्याला आता पाच वर्षं होतील. या माणसाचा मला राग येतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी फसायला नको.

आता ती ओळ कसली ते सांगते.

कोपरगावात आमचं एक महिला वाचनालय आहे. दोन खोल्या, भिंतीला लागून पुस्तकांच्या मांडण्या, एक जुना कॉम्प्युटर, मी मानद चिटणीस आणि मदतीला लताबाई. कुणी कुठलं पुस्तक नेलं, कधी परत आणलं, हे सगळं 'कपाट' नावाच्या प्रोग्रॅमवर चालतं. गावोगावची लहान वाचनालयं हाच प्रोग्रॅम वापरतात, कारण तो फुकट आहे. नुसता फुकट नाही, त्याची आतली शिलाईही उघडी आहे. कुणीही उलटा करून बघावा, उसवलं असेल तिथं टाका घालावा आणि तो टाका सगळ्यांच्या कामी यावा. याला ओपन सोर्स म्हणतात. मी मात्र तेव्हा धरून चालले होते की एवढी वस्तू फुकट वाटणारी कुठली तरी मोठी कंपनी असणार, पुण्यात तिची काचेची इमारत असणार आणि माझ्या रागाला घाबरणारी माणसं तिथं टेबलांमागं बसलेली असणार. कंपनी माझ्या भिंतीपलीकडं बनियनवर बसलेली होती.

या 'कपाट'मध्ये दुपारी एकच्या ठोक्याला पडद्याच्या मधोमध मोठ्या अक्षरांत एक ओळ उमटते: 'जेवून घ्या.' मिनिटभर ती हलत नाही. कुठलंही बटण दाबा, ढिम्म. आमचं वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस, बारा ते दोन उघडं. घरचं आवरून बायका येतात त्या नेमक्या एकच्या सुमाराला. समोर आठ-दहा जणींची रांग आणि पडद्यावर हे आमंत्रण.

"आलं बघा बाई परत," लताबाई म्हणायची. "आवो, मी जेवून आले हाय तरी जेव म्हंतंय. चतुर्थीलाबी म्हंतंय. याला काय उपास-तापास हाय का न्हाई?"

लोकांनी सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. 'कपाट'ची एक तक्रारवही आहे, इंटरनेटवर, सगळ्यांना दिसेल अशी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक असतो, तिच्याखाली ज्याला जे बोलायचं ते तो बोलतो आणि विषय संपला की ती बंद करतात. 'जेवून घ्या' काढा, अशा पंधरा-वीस तक्रारी त्या वहीत होत्या आणि प्रत्येकीखाली एकच उत्तर: "हे असंच राहील. धन्यवाद. – म. प." तक्रार बंद. त्या 'धन्यवाद'नं माझं डोकं फिरलं आणि त्यातल्याच एका, दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या तक्रारीखाली मी गुलाब ठेवून आले. तिथं पूर्वी कधी तोंड उघडलेल्या प्रत्येकाला माझं लिखाण मेलनं जाणार, हे मला काय ठाऊक?

माझ्या गुलाबानंतर पगारेंनी नवीन सोय केली. बंद तक्रारीला आठवडाभरानं आपोआप कुलूप. म्हणजे ओपन सोर्सच्या कामात माझं पहिलं योगदान हे कुलूप.

पगारे साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. वजनकाट्यावर कॉम्प्युटर आला आणि तो बिघडला की यांनाच हाक मारत, तेव्हा खोलून-जोडून शिकले. आता निवृत्त. मूलबाळ नाही. बायको जाऊन बारा वर्षं झाली हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक, आणि त्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोलत नाही हेही सगळ्यांना ठाऊक. अंगानं काटकुळे, आवाज मात्र दोन माणसांचा. कारखान्याचा भोंगा निदान हंगाम संपला की गप्प होतो. पगारे बारमाही.

त्यांचं सगळं जगणं तक्रारवहीच्या भाषेत चालतं. समोरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या पेरूची पानं आमच्या अंगणात पडतात हो." पगारे म्हणाले, "पायऱ्या सांगा. कधी पडतात? वारा कुठला असतो? अपेक्षित काय होतं आणि घडलं काय?" बाईंनी पुन्हा तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तर खिशातून कागद काढून दिला: 'अपेक्षित: दोन जिने चढून दम न लागणे. घडलं: दीड जिन्यात लागला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा लागला.' असा पेशंट आयुष्यात पाहिला नाही, असं डॉक्टर अजून सांगतात.

आमच्या घरातही हे घुसलं. एकदा माझं आणि आमच्या ह्यांचं चांगलं जुंपलं होतं. मी रंगात येऊन नणंदेच्या लग्नातल्या साडीपर्यंत पोचले होते. भिंतीपलीकडून आवाज आला.

"वहिनी, ही तक्रार कधीची?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षातली!"

"तेव्हा मिटली होती?"

"मिटली होती. म्हणून काय झालं?"

"मग ती बंद आहे. बंद तक्रारीखाली लिहायचं नाही. आज नवीन काय केलं त्यांनी ते सांगा. पायऱ्यांसकट."

ह्यांना एवढा आनंद मी आमच्या लग्नातही झालेला पाहिला नव्हता. त्या दिवसापासून घरात काहीही बरं शिजलं की हे वाटी घेऊन भिंतीकडं धावतात. आणि मी? चाळीस वर्षं जपून ठेवलेला माझा सगळा साठा एका सकाळीत निकामी झाला. राग येणार नाही तर काय?

आणि एक वाजला की हा माणूस नाहीसा होतो. कुठंही असो, कुणाशीही बोलत असो, वाक्याच्या मध्येच 'आलोच' म्हणतो आणि घरात जातो. एकदा माझ्या कुकरचं हॅण्डल बसवून देत होते. स्क्रू अर्धा फिरवला, 'आलोच' म्हणाले आणि गेले. मी मूर्खासारखी कुकरचं झाकण धरून वीस मिनिटं उन्हात उभी. का, तर माणूस आलोच म्हणाला आहे. ते उगवले तीन वाजता.

"आलोच म्हणाला होतात ना?" मी कडाडले.

"तुम्हाला कुठं म्हणालो?" ते म्हणाले आणि राहिलेला स्क्रू फिरवू लागले. उद्धटपणाला काही सीमा!

मात्र पगारेंच्या रागाला कारण नाही, असं मी म्हणणार नाही. ती तक्रारवही मी नंतर पुष्कळ वाचली. फुकट मिळालेल्या वस्तूवर माणूस जेवढा मालकी हक्क गाजवतो तेवढा पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर गाजवत नाही. विकत घेतलेला मिक्सर बिघडला तर आपण दुकानदाराशी निदान 'नमस्कार'नं सुरुवात करतो. इथं सुरुवातच 'चालत नाही' अशी. काय चालत नाही? कुठं? कधी? ते सांगायचं नाही. नुसतं 'चालत नाही' आणि तीन उद्गारचिन्हं. आणि त्याखाली 'मला पण'. 'मला पण'. 'मला पण'. एकानं लिहिलं होतं, "जमत नसेल तर दुकान बंद करा." दुकान! असं लिहिणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं असं मला वाटलं. मग माझा गुलाब आठवला आणि मी घरीच राहिले.

जिल्ह्याचं नाव बदललं त्या आठवड्यात तर कहर झाला. प्रोग्रॅममध्ये जुनं नाव आहे, अशा एका दिवसात तेवीस तक्रारी. आपल्या आधी कुणी हेच लिहिलंय का, हे वाचायची तसदी एकानंही घेतली नाही. पगारेंनी तासाभरात नाव बदललं, बावीस तक्रारी पहिलीला नेऊन जोडल्या आणि लिहिलं, 'दुरुस्त केलं आहे, नवीन आवृत्ती उतरवून घ्या.' उतरवून कुणी घेईना. पहिल्या गड्यानं तपासून 'झालं' म्हटलं, तक्रार बंद झाली, तरी तिच्याखाली 'आमच्याकडं अजून नगरच दिसतंय' सुरूच.

पगारे भिंतीवर मूठ आपटत होते. "वहिनी, धुऊन इस्त्री करून शर्ट हँगरला लावून ठेवलाय! हे जुनाच शर्ट अंगात घालून ओरडतायत, डाग दिसतोय, डाग दिसतोय! अरे, कपडे बदला की!"

पण कुणावर ओरडायचं आणि कुणावर नाही, याचा त्यांचा काही वेगळाच हिशेब होता. शनिशिंगणापूरकडच्या एका वाचनालयानं लिहिलं, 'पासवर्ड कशाला विचारता? आमच्याकडं घराला दार लावत न्हाईत.' त्यांना शांतपणे समजावलं. शिर्डीत देवळाच्या वाटेवर चपला सांभाळणाऱ्या एकानं 'कपाट' उतरवून घेतलं. पुस्तकाच्या जागी चप्पल. पुस्तकाचं नाव: 'कोल्हापुरी, नऊ नंबर'. लेखकाचं नाव: 'डावा अंगठा तुटका'. त्याची तक्रार अशी, की जोडीतली एक हरवली तरी प्रोग्रॅम 'शिल्लक आहे' म्हणून दाखवतो आणि भाविक एका चपलेवर घरी जायला तयार होत नाही. मला वाटलं, पगारे याला फाडून खाणार. पगारेंनी लिहिलं, "पायऱ्या नीट सांगितल्याबद्दल आभार. दोन खंडांच्या पुस्तकालाही हीच अडचण येते, ती तुमच्यामुळं कळली." चार दिवस खपून दुरुस्त केलं. मी त्याच चार दिवसांत भिंतीवरून साधी वेळ विचारली तर, "घरात घड्याळ नाही का?"

आमच्या वाचनालयाचं एक दुखणं तर त्यांनी मुद्दाम अडवून ठेवलं होतं. पुस्तकं वेळेत न आणणाऱ्यांची यादी छापली की अक्षर मुंगीएवढं यायचं. मी रीतसर नवीन नोंद केली, पायऱ्या सांगितल्या, गुलाब टाळला. पगारेंनी त्यावर शिक्का मारला: 'पहिल्या टाक्यासाठी राखीव'. आणि तीन महिने हात लावला नाही.

"पाच मिनिटांचं काम आहे असं तुम्हीच लिहिलंय ना? मग करा!"

"माझ्यासाठी पाच मिनिटांचं. नवीन माणूस येईल त्याचं ते पहिलं काम असेल. घरी पाहुणा आला तर त्याला बसायला पाट मांडतो ना आपण? सगळ्या पाटांवर मीच बसून राहिलो तर तो उभ्या उभ्या निघून जाईल."

"मग कुठं आहे तुमचा पाहुणा? तीन महिने झाले!"

"तुम्ही या की."

म्हणाले आणि एक वाजला. 'आलोच'.

मी गेले. लोकसेवेसाठी नाही, सूड म्हणून. शिलाई उघडी आहे ना? मग शिकते, आत शिरते आणि ते 'जेवून घ्या' माझ्या हातानं उसवून काढते. आमचे हे म्हणाले, "सदुसष्टाव्या वर्षी?" मी म्हटलं, "त्यांना सांगा, पाट मांडा."

'नव्यानं येणाऱ्यांसाठी' असं एक पान त्या वहीत आहे. त्यात काय काय अपमान भरून ठेवलेत ते बघू, म्हणून मी चष्मा पुसून बसले. पहिलंच वाक्य होतं, "आलात, बरं वाटलं. इथं कुणालाच सगळं येत नाही, मलाही नाही. तासभर अडलात तर एकट्यानं डोकं फोडू नका, विचारा." मी खाली नाव पाहिलं. म. प. पुन्हा पाहिलं. म. प.च.

विचारायचं कुठं, तर तेही वहीतच. भिंत सहा फुटांवर, पण भिंतीवरून विचारलेलं चालायचं नाही. "इथं सांगितलं तर तुम्हाला एकटीला कळेल. तिथं लिहिलं तर पुढं येणाऱ्या दहा जणांना." म्हणून मी आत जाऊन प्रश्न टाइप करायचे आणि बाहेरून गर्जना यायची, "वाचला! उत्तर लिहितोय!" ते उत्तर मात्र इतकं मऊ, इतकं सावकाश, की वाचताना हा दुसराच कुणी माणूस आहे असं वाटायचं. अक्षर मोठं करायचा माझा टाका त्यांनी चार वेळा परत पाठवला. दर वेळी सुरुवात 'छान'. 'छान, फक्त हे एक बघा.' त्या 'छान'ची मला धडकी भरली. पाचव्यांदा टाका बसला आणि योगदान करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागलं. मी शिरा केला. पगारेंना दिला नाही. ह्यांनी चोरून दिला.

मग मी खऱ्या कामाला लागले. 'जेवून घ्या' आत कुठं लिहिलंय ते शोधून काढलं. त्याच्या शेजारी पगारेंची टीप होती, 'क्रमांक १ साठी. हात लावू नये.' आता, क्रमांक एक म्हणजे काय ते उघडून बघावं एवढं साधं डोकं असावं की नाही? पण रागात माणूस वाचत नाही. मी हात लावला. ओळ काढली आणि बदल पाठवून दिला. दहा मिनिटांत उत्तर आलं, "हे असंच राहील. धन्यवाद."

'छान'सुद्धा नाही.

पुढची तीन-चार वर्षं मी तिथं टिकले, निव्वळ हट्टानं. येणाऱ्या तक्रारी चाळायच्या, एकसारख्या असतील त्या एकत्र बांधायच्या, अर्धवट असतील त्यांना पायऱ्या विचारायच्या, हे काम हळूहळू माझ्याकडं आलं. बंद करायचा अधिकारही त्यांनी मला दिला आणि देताना एक नियम भिंतीवरून तीनदा ऐकवला.

"जे करायचंच नाही ते लगेच बंद करायचं, लोकांना टांगून ठेवायचं नाही. पण जे दुरुस्त केलं ते आपल्या मनानं बंद करायचं नाही. ज्यानं तक्रार नोंदवली त्यानं तपासून 'झालं' म्हटलं पाहिजे. आपल्याला झालं वाटतं, त्याला झालेलं नसतं."

"आणि तो काही बोललाच नाही तर?"

"थांबायचं."

"किती?"

"थांबायचं, वहिनी."

गेल्या हिवाळ्यात पगारे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला पुतण्याकडं गेले. आठवडाभर वही माझ्या ताब्यात. मी खाली खाली जाऊन पाहिलं तर वर्षानुवर्षं नुसत्या लोंबकळत राहिलेल्या सत्तेचाळीस तक्रारी. मी धरून चालले, दुरुस्त झालेल्याच असणार, 'झालं' म्हणायला कुणी फिरकलेलं नाही एवढंच. दिवाळीआधी माळा आवरताना येतो तो जोर माझ्या अंगात आला. म्हटलं, डोळे नवे करून येतील तर वहीही लख्ख दिसू दे. एक-एक वाचत कोण बसतंय? सगळ्यांवर खूण केली, एकच मजकूर लिहिला, 'ही तक्रार फार जुनी झाली आहे, म्हणून बंद करत आहोत. अडचण अजून असेल तर नवीन नोंदवा. धन्यवाद.' आणि बटण दाबलं. सत्तेचाळीस एका दमात. मग हात झटकून चहा घेतला.

पहिला दणका त्याच संध्याकाळी. अकोल्याकडच्या एका वाचनालयानं लिहिलं, "न वाचता बंद केलीत? दोन वर्षं वाट बघतोय आम्ही. झोपलात का?" मग दुसरा, तिसरा. एकानं रागाच्या खाली सूर्यफुलाचं चित्र चिकटवलं होतं. 'शुभ संध्याकाळ'. मी पडद्याकडं बघत राहिले. म्हटलं, पाच वर्षांनी का होईना, पोच मिळाली.

पगारे परत आले. काळा चष्मा लावून रिक्षातून उतरलेले मी पाहिले आणि भोंग्याची वाट बघत भिंतीशी उभी राहिले. भोंगा वाजलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. समोरच्या बाईंनी पेरूची पानं झाडून मुद्दाम त्यांच्या फाटकाशी ढकलली, तरी नाही. एक वाजला, 'आलोच' ऐकू आलं नाही.

"तुझं काहीतरी चुकलंय," आमचे हे म्हणाले.

"माझं? मी फुकट राबतेय तिथं! रागावले तर रागावू देत!" चूक उघडी पडली की मी आवाज चढवते, हे मघाशी सांगितलंच.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या सत्तेचाळीस तक्रारी वाचायला बसले. एकेक. आधी करायला हवं होतं ते. बारा वाजून गेले तेव्हा अगदी तळाशी पोचले. क्रमांक १. नोंदवणाऱ्याच्या नावाच्या जागी लिहिलं होतं: चष्मेवाली.

"पायऱ्या: एक, नवरा हा प्रोग्रॅम उघडून बसतो. दोन, दुपारचा एक वाजतो. तीन, मी जेवायला हाक मारते. चार, तो 'आलोच' म्हणतो. अपेक्षित: येणे. घडतं ते: येत नाही, भाकरी गार होते. रोज करून पाहिलं, रोज होतं. माझ्या हाकेला किंमत नाही, निदान प्रोग्रॅमनं तरी सांगावं."

त्याखाली: "दुरुस्त केलं. आता एक वाजता मोठ्या अक्षरात ओळ येईल. मिनिटभर जाणार नाही. तपासून 'झालं' म्हणा. – म. प."

त्याखाली बारा वर्षं काही नाही. मग मी. 'ही तक्रार फार जुनी झाली आहे.'

मी उत्तराची तारीख पाहिली. बारा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली होती. ती बाई कुठल्या साली गेली, हे मला पाच वर्षं ठाऊक होतं.

पायात चप्पल न घालताच मी शेजारी गेले. पाच वर्षांत त्यांच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकत होते, सगळी भांडणं भिंतीवरूनच झालेली. समोरच्या भिंतीवर फोटो. जाड भिंगांचा चष्मा, त्यामागं हसणारे डोळे, आत्ता काहीतरी खोचक बोलेल असं तोंड. पगारे कॉम्प्युटरपुढं खुर्चीत बसले होते. पडदा काळा.

"मी पुन्हा उघडते ती," मी म्हटलं. "आत्ता उघडते. मला माहीत नव्हतं हो."

"वाचलं असतं तर कळलं असतं." आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मग ओरडा की माझ्यावर! गप्प काय बसलाय?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. त्यांनी काळ्या पडद्याकडं पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं, आणि बसूनच राहिले. आत ओट्यावर परात दिसत होती, पीठ काढून ठेवलेलं, कोरडंच. मी त्यांच्यापुढं स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "पगारे, काय झालं ते मला सांगा. पायऱ्यांसकट."

त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "एक, एक वाजतो. दोन, ओळ येते. तीन, मी 'आलोच' म्हणतो. घडतं ते असं, की मी लगेच उठतो आणि खरंच जातो. बारा वर्षांत एक दिवस चुकलो नाही. काम केव्हाच झालंय, वहिनी. फक्त नोंदवणारीनं तपासून 'झालं' म्हणायचं राहिलंय."